दाराकडे तोंड असलेलं जहाज

गुरुवार, १ सप्टेंबर २०१६

मला दैनंदिनीची सवय नाही. शाळेत शिकवत असताना मी मुलींना लिहायला लावत असे आणि त्यात काय लिहू नये तेही सांगत असे. ही वही सुरू करायला एकच कारण झालं. काल चर्चच्या मंडळीच्या सभेत आमच्या सुलवोग गावातलं प्रार्थनाघर विकायचं ठरलं. एकोणीस जण बाजूनं, चार विरोधात. कॉफीचे कप गोळा होत असतानाच त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर आलं. वीस नोव्हेंबरला शेवटची उपासना आहे, तोवर पुस्तिका छापून हवी. इतिहासात जे बसत नाही ते कुठंतरी वेगळं ठेवावं लागतं, नाहीतर ते मधेच घुसतं. त्यासाठी ही वही.

मी विकण्याच्या बाजूनं मत दिलं. रविवारी सात-आठ डोकी येतात, छप्पर गळतं, आणि मोठं चर्च चालत वीस मिनिटांवर आहे. यात रडण्यासारखं काही नाही.

ओडनी विरोधातल्या चौघांपैकी. ती शहात्तर वर्षांची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझ्या सासूबाई मालेने गेल्यापासून, म्हणजे तेहतीस वर्षं, प्रार्थनाघराची झाडलोट तीच करते. तिनं मला दारात गाठलं.

"इतिहास लिहिणार म्हणे तू, आसलाउग."

"सभेनं सांगितलंय."

"लिही, लिही. पन्नास वर्षांत आम्हाला सांगायचं काही राहून गेलं असेल तर तेही लिही."

ती अशीच बोलते.


सोमवार, ५ सप्टेंबर

एस्किल दोन खोकी ठेवून गेला. एस्किल आमचा पाळक. माझ्या वर्गात होता तेव्हा त्याला नकाशावर ट्रॉनहाइम सापडत नसे. आता तो मंडळीला स्वर्गाचा रस्ता दाखवतो.

"बाई, चाळीस पानं पुरेत. फोटो भरपूर घाला, लोकांना फोटो आवडतात."

"लोकांना काय आवडतं ते मी विचारलं नाही. कागद सगळे आहेत ना?"

"आहेत, बाई." त्यानं टोपी काढली. पस्तीस वर्षांनीही काढतो.

पहिल्या खोक्यात समितीची इतिवृत्तं. सगळी पुरुषांनी लिहिलेली, सगळी सुवाच्य, आणि जवळजवळ सगळी छपराबद्दल. दुसऱ्यात महिला मंडळाच्या वह्या. महिला मंडळात मी कधी गेले नाही. लग्न झालं तेव्हा, १९६९ साली, मालेनेनी एकदा विचारलं होतं. मी म्हणाले, मला शाळा आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मूळ हकिकत सरळ आहे. मोठ्या चर्चमध्ये मासेमारांच्या कपड्यांना वास येतो अशी तक्रार झाली. तेव्हा बारा कुटुंबांनी १८९९ च्या उन्हाळ्यात स्वतःचं बांधलं. घंटा नाही, मनोरा नाही. पांढऱ्या फळ्या, सहा खिडक्या, एक लोखंडी स्टोव्ह. स्टोव्हची देखभाल माझे यजमान लाइव करत. ते गोदीत सुतार होते, हातानं नेटके. वर्षातून एकदा ते स्टोव्ह तपासायला हमखास जात, तेही मार्चमध्ये, थंडी ओसरत आल्यावर. तपासणी ऑक्टोबरमध्ये करायची असते हे मी त्यांना पस्तीस वर्षं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ते गेले.


बुधवार, १४ सप्टेंबर

वस्तुसंग्रहालयातून एक मुलगी आली, इंगविल नावाची. ओलं जाकीट न काढताच वर बघत उभी राहिली.

"काकू, हे उलटं आहे!"

"मी तुमची काकू नाही. काय उलटं आहे?"

"जहाज."

ते तर कुणालाही दिसतं. आमच्या किनाऱ्यावर चर्चच्या छताला लाकडी जहाज टांगलेलं असतं. आमचंही आहे, तीन डोलकाठ्यांचं, माझ्या दोन हातांइतकं लांब, १९०४ सालचं. जहाजाचं तोंड वेदीकडे असावं लागतं. आमच्या जहाजाचं दाराकडे आहे. प्रवचनाला कंटाळून पळतंय, असं गावातली मुलं म्हणतात. इंगविल म्हणाली, टांगणारे हौशी लोक असावेत, चूक झाली असेल. संग्रहालयात ते नीट टांगतील. शेवटच्या उपासनेचे फोटो काढायच्या आधी इथंही सरळ करता आलं तर उत्तमच.

मी म्हटलं, करता येईल. मी एकदा केलंही होतं. १९७४ साली पंचाहत्तरीला बिशप येणार होते. आदल्या दिवशी दुपारी मी दारामागची आकडीची काठी घेतली आणि जहाज वेदीकडे फिरवलं. दोन मिनिटांचं काम. ते फिरत्या कडीवर टांगलेलं आहे, अडत नाही. मालेने फुलं घेऊन आल्या, वर बघितलं, फुलं जमिनीवर ठेवली आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं म्हणून त्या आल्या नाहीत. बिशपनी जहाजाचा प्रवचनात छान उपयोग केला. सोमवारी बघते तर तोंड पुन्हा दाराकडे. सासूबाई, दुसरं कोण. पुढची नऊ वर्षं, त्या वारेपर्यंत, त्यांनी मला "कॉफी घेणार?" यापलीकडे फारसं काही विचारलं नाही. मी आतल्या भागातली, जंगलाकडची. विशीपर्यंत समुद्र बघितला नव्हता. माझे उच्चार त्यांना कधी रुचले नसावेत.

ओडनी खिडक्या पुसत होती. इंगविल गेल्यावर फडकं बादलीत टाकून म्हणाली, "जहाजाला हात लावू देऊ नकोस. जसं आहे तसं जाऊ दे. बाकी सगळं न्या."

"कारण सांग, मग विचार करू."

"कारण सांगायला मी तुझ्याकडे परीक्षेला बसलेली नाही."

"मग ते सरळ होईल."

तिनं बादली उचलली आणि बाहेर ओतून आली. माझ्या बुटांच्या बरीच जवळ.


मंगळवार, २० सप्टेंबर

महिला मंडळाच्या वह्या वाचून होत आल्या. विणलेले मोजे किती, कुणाच्या घरी बैठक, कुणी वॉफल आणले. प्रत्येक वर्षी जानेवारीच्या नोंदीत शेवटी एक शब्द लिहिलेला, "दार". आणि एप्रिलमध्ये, कधी मेमध्ये, "वेदी". दुसरं काही नाही. १९०५ पासून दर वर्षी, अक्षर बदलतं पण शब्द तेच. स्वच्छतेची पाळी असावी. जानेवारीत दार धुवायचं, ईस्टरनंतर वेदी. पुस्तिकेत घेतलं. शिस्तीचं उदाहरण म्हणून चांगलं आहे.

१९६१ नंतर ही पद्धत बंद पडली. त्या जानेवारीत "दार" आहे, पुढे "वेदी" नाही. त्या वर्षी ११ मार्चला 'ब्रिटा' नावाची बोट उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांजवळ कॉड माशांच्या हिवाळी मासेमारीवर असताना तिघांसह बुडाली. त्यात लाइवचा थोरला भाऊ हाल्वोर होता. मी इथं यायच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. घरात त्याचा फोटो होता, पण विषय नव्हता. लाइवना मी एकदा विचारणार होते, पण ते जेवत होते. दुःखाच्या काळात स्वच्छता मागे पडली असेल, हे समजण्यासारखं आहे. पण पुन्हा सुरू करायला हवी होती.


शुक्रवार, ३० सप्टेंबर

पुस्तिका छापायला दिली. पान सतरा माझ्या मते सर्वांत नीट झालंय. तिथं जहाजाबद्दल लिहिलं आहे. "ते टांगताना दिशेची चूक झाली व पुढे सवयीमुळे ती तशीच राहिली. १९७४ मध्ये ती सुधारण्याचा प्रयत्न झाला."

एक गोष्ट घेतली नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्व संतांच्या रविवारी पाळकांनी वर्षभरातल्या मृतांची नावं वाचायची होती. मालेनेच्या अक्षरात नोंद आहे, "पाळकांनी तीन नावं मागितली. मंडळानं दिली नाहीत." पाळकांना नाही म्हणायचा अधिकार महिला मंडळाला कुणी दिला ते कुठंच लिहिलेलं नाही. अशा गोष्टी छापून उपयोग नसतो.


गुरुवार, २० ऑक्टोबर

एकशेवीस प्रती आल्या. छपाई स्वच्छ. पहिली प्रत ओडनीला न्यावी असं ठरवलं. तिनं तेहतीस वर्षं झाडलोट केली आहे.

तिच्या स्वयंपाकघरात माशाच्या साराचा वास होता. तिनं चष्मा लावला आणि मी बसले असतानाच वाचायला घेतलं. थोड्या वेळानं ती हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढावा लागला.

"जानेवारीत दार धुतात? अगं मास्तरीणबाई, जानेवारीत दार धुतलंस तर वसंत येईपर्यंत उघडायचं नाही ते! पाणी गोठतं इथं, विसरलीस का?"

"मग काय आहे ते?"

"दार म्हणजे तोंड दाराकडे. बोटी लोफोटेनला निघाल्या की बायका जहाज फिरवायच्या. काठीनं. सगळ्या बोटी परत आल्या, शेवटचा माणूस धक्क्यावर उतरला, की तोंड वेदीकडे. मग कॉफी." ती अजून हसतच होती, पान उलटत होती. "दार धुतात म्हणे..."

मग ती पान सतरावर आली आणि हसणं थांबलं.

तिनं तो परिच्छेद दोनदा वाचला. मला ते तिच्या बोटावरून कळलं. मग तिनं पुस्तिका मिटली, साराच्या भांड्यापासून लांब ठेवली.

"एकसष्टला सगळे आले नाहीत," ती म्हणाली. "म्हणून फिरवलं नाही. तोंड दाराकडे आहे ती चूक नाही. वाट बघणं आहे."

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू आलीस ती सांगायलाच आलीस. स्टोव्ह केव्हा तपासायचा, पोरांना काय खायला घालायचं, जहाज कसं टांगायचं. तुला वेळ कुठं होता?"

"सप्टेंबरमध्ये मी कारण विचारलं होतं."

"मागितलं होतंस," ओडनी म्हणाली. "विचारलं नव्हतंस."

सार खाल्लं नाही. घरी आले.


शुक्रवार, २१ ऑक्टोबर

खिडक्या धुतल्या. दोनदा, कारण पहिल्यांदा रेघा राहिल्या होत्या.

पंचाहत्तरीच्या दिवशी मी बिशपना जहाज दाखवलं होतं. मालेनेच्या नेहमीच्या जागेवर उभी राहून, कारण तिथून ते सर्वांत चांगलं दिसतं.


सोमवार, २४ ऑक्टोबर

ओडनीकडे गेले आणि विचारलं. प्रश्न आधी कागदावर लिहून नेले होते. चार.

पहिला: हाल्वोरशी तिचा काय संबंध. साखरपुडा झाला होता. ईस्टरनंतर लग्न होतं. मला हे माहीत नव्हतं. तिनं नंतर पेडरशी लग्न केलं, दोन मुली झाल्या, पेडरला मी ओळखत होते. "पेडरला माहीत होतं," ती म्हणाली. "रविवारी तो मुद्दाम जहाजाखालीच बसायचा. डोक्यावर पडलं तर पडू दे, म्हणायचा."

दुसरा: नावं का दिली नाहीत. "वाचली की मेले. मालेने म्हणाली, पाळकाला मेलेल्यांची हौस असेल तर त्यानं दुसरीकडची वाचावीत."

तिसरा: १९७४ ला मी फिरवलं तेव्हा मालेनेना काय वाटलं. ओडनीनं कॉफी ओतली, साखर माझ्यापुढे सरकवली. मी साखर घेत नाही हे तिला माहीत आहे.

"तिला वाटलं, निरोप आला. दुपारी दार उघडून आत आली, बघते तर तोंड वेदीकडे. तेरा वर्षांनी. तिला वाटलं, हाल्वोर सापडला, आणि तिला सोडून सगळ्यांना सांगितलंय. धावत घरी गेली. घरी कुणीच नव्हतं."

चौथा प्रश्न मी सासूबाईंसाठी लिहिला होता. पुन्हा फिरवताना त्या काही बोलल्या का.

"मालेने? मालेनेचा हात कुठं पोचणार तिथं? तिचे खांदे तेव्हाच गेले होते. लाइवनं फिरवलं."

"माझ्या लाइवनी?"

"दुसरा कोण लाइव आहे? रविवारी संध्याकाळी, बिशप बोटीत बसल्यावर. मी कप धूत होते. आला, काठी घेतली, फिरवलं, काठी जागेवर ठेवली. मग मला म्हणाला, आसलाउगला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

मला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं, हे मला नवीन आहे. त्यानंतर आम्ही तीस वर्षं एका टेबलावर जेवलो.

प्रश्नांचा कागद तिथंच राहिला.


बुधवार, २६ ऑक्टोबर

एस्किलला फोन केला. पुस्तिका वाटायची नाही, दुरुस्ती आहे.

"बाई, छोटी असेल तर राहू द्या ना. कुणाच्या लक्षात येणार?"

"तुझ्या शुद्धलेखनाच्या वहीबद्दलही तू हेच म्हणायचास."

दुरुस्तीची चिठ्ठी तयार केली. संध्याकाळी, साडेपाचला, ओडनीला वाचून दाखवली. "पान १७, तिसरा परिच्छेद. जहाजाच्या दिशेत चूक नाही. बोटी बाहेर असताना त्याचं तोंड दाराकडे ठेवण्याची येथील स्त्रियांची पद्धत होती. १९६१ पासून ते तसंच आहे. १९७४ मध्ये ते वेदीकडे फिरवण्यात आलं. ती चूक प्रस्तुत लेखिकेची."

"प्रस्तुत लेखिका कोण?"

"मी."

"मग 'मी' लिही की. का बिशप वाचणार आहे?"

'मी' लिहिलं. वाक्य छोटं झालं. पान नऊवरच्या दार धुण्याचं काय करायचं विचारलं, तर ती म्हणाली, ते राहू दे, लोकांना हसायला काहीतरी हवं. ते मी मान्य केलं नाही. त्याचीही चिठ्ठी होईल.


शनिवार, २९ ऑक्टोबर

एकशेवीस प्रती, प्रत्येकी दोन चिठ्ठ्या. ओडनी डिंक लावते, मी चिकटवते. तिच्या हाताला डिंक जास्त येतो, हे सांगितलं.

"सांग. तुला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही."

मी विचारलं, हाल्वोर कसा होता. ती म्हणाली, "कान मोठे होते. वाऱ्यात सगळ्यांच्या टोप्या उडायच्या, त्याची कानांवर अडकून राहायची."

"बोलायला चांगला होता?"

"छे! बोलायचाच नाही. त्या घरात बोलायचं कोण? तुझं लग्न झालं तेव्हा मालेने म्हणाली होती, बरं झालं, आता घरात आवाज होईल."

मालेने असं म्हणाल्या होत्या याला दुसरा पुरावा नाही. तरी इथं लिहून ठेवते.

"निघताना काय म्हणाला?"

"मोजे ओले आहेत म्हणाला. मी दुसरे दिले. पंचावन्न वर्षांत लोकांनी मला हेच विचारलं, शेवटचं काय म्हणाला. काहीतरी चांगलं जुळवून सांगायला हवं होतं, नाही?"

"नको," मी म्हटलं. "मोजे ठीक आहे."

साठ प्रती झाल्यावर वॉफल खाल्ले, तपकिरी चीज घालून. उरलेल्या दुपारनंतर. काही चिठ्ठ्या तिरक्या गेल्या आहेत. त्या माझ्या.


रविवार, ६ नोव्हेंबर

सर्व संतांचा रविवार. मोठ्या चर्चमध्ये नावं वाचली, मेणबत्त्या लावल्या. एस्किल नंतर मला आणि ओडनीला बाजूला घेऊन म्हणाला, त्याला एक सुचलंय. चिठ्ठी वाचून त्याला रात्रभर झोप आली नाही. शेवटच्या उपासनेत, शेवटच्या गीतानंतर, जहाज वेदीकडे फिरवायचं. "पंचावन्न वर्षांनी त्यांना घरी आणायचं, बाई. सगळ्या मंडळीसमोर. आणि काठी ओडनीकाकूंच्या हातात."

मी ओडनीकडे बघितलं. ती हातमोजे चढवत होती.

"तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेले."

वाटेत तिनं विचारलं, "तुला काय वाटतं?" तिनं मला काय वाटतं ते आजवर कधी विचारलेलं नाही. मी म्हटलं, मला सांगता येत नाही. हे खरं होतं. घरी आल्यावरही सांगता आलं नाही.


रविवार, २० नोव्हेंबर

प्रार्थनाघर भरलं होतं. नव्वद जण असतील, बरेच भिंतीला टेकून उभे. अशी गर्दी दर रविवारी झाली असती तर मत देण्याची वेळ आली नसती. मनात आलं, बोलले नाही.

एस्किल बरं बोलला. मोजक्या शब्दांत, जे त्याच्या बाबतीत विशेष. बारा कुटुंबं, मासळीचा वास, बायकांची काठी. चिठ्ठीही त्यानं वाचली, 'मी'सकट. काही माना माझ्याकडे वळल्या. मी समोर बघत राहिले. शेवटचं गीत झालं. इंगविल कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभी होती.

एस्किलनं दारामागची काठी आणली आणि ओडनीच्या हातात दिली. ती उठली. जहाजाखाली आली. काठी वर केली. आकडी जहाजाच्या कडीपर्यंत पोचली, अडकलीही. ती तशीच उभी राहिली. मग तिनं काठी खाली घेतली. मला वाटलं दम लागला असेल. ती माझ्या बाकापर्यंत आली आणि काठी माझ्यापुढे धरली.

"तुला येतं," ती म्हणाली. टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही. तिच्या डोळ्यांकडे बघितलं, तरी कळलं नाही.

मी काठी घेतली. जहाजापर्यंत चालत गेले. खालून त्याचा तळ दिसतो, लाल रंग उडालेला. मी जहाजाखालून पुढे गेले, दारापर्यंत, आणि काठी होती त्या जागी उभी केली.

एस्किल म्हणाला, "बाई?"

"फिरवायचं नाही," मी म्हटलं. वर्गात बोलायचे तेवढ्याच आवाजात. "सगळे आलेले नाहीत. कॉफी निवतेय."

मग ओडनी सरळ किटलीकडे गेली आणि कप मांडायला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन बशा मांडल्या. ती हळूच म्हणाली, "बिशप आला असता तर त्यालाही असंच सांगितलं असतंस?"

"चाळीस वर्षं उशीर झाला," मी म्हटलं.

"बेचाळीस," ओडनी म्हणाली. "इतिहासाच्या बाई ना तुम्ही?"


शुक्रवार, २५ नोव्हेंबर

आज सकाळी दहा वाजता प्रार्थनाघरातल्या वस्तू दिल्या. घेणारी इंगविल, देणारी मी, साक्षीला ओडनी. ओडनी वेळेआधी आली होती आणि शेवटचं म्हणून जमीन पुसून ठेवली होती. त्यामुळे सगळ्यांना मोज्यांवर चालावं लागलं.

संग्रहालयाच्या कागदावर जहाजापुढे "दोष" नावाचा रकाना आहे. इंगविलनं तिथं आधीच "दिशा उलटी" लिहून आणलं होतं. मी ते खोडलं. तिनं विचारलं, मग टांगायचं कसं?

"तोंड दाराकडे."

"आमच्याकडे तीन दारं आहेत, काकू."

"समुद्राकडच्या."

तिनं लिहून घेतलं.

दिलेल्या वस्तू:

किल्ल्या, तीन. एक विकत घेणाऱ्याला, दोन पाळकांना.

गीतांची पुस्तकं, चौसष्ट. मोठ्या चर्चला.

प्रभुभोजनाचा पेला, चांदीचा, एक. मोठ्या चर्चला.

समितीची इतिवृत्तं आणि महिला मंडळाच्या वह्या, दोन खोकी. अभिलेखागाराला. महिला मंडळाच्या शेवटच्या वहीत पानं कोरी होती. त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर ओडनीच्या सांगण्यावरून माझ्या अक्षरात आजची तारीख आणि "दार" असं लिहून मगच दिली.

लोखंडी स्टोव्ह, एक. इमारतीबरोबर. चालू स्थितीत. तपासणी दर वर्षी, ११ मार्चला.

पुस्तिकेच्या प्रती, दहा, चिठ्ठ्यांसह.

आकडीची काठी, एक. दिली नाही. ती ओडनीच्या घरी दारामागे आहे.

जहाज, एक, लाकडी, तीन डोलकाठ्यांचं, १९०४. संग्रहालयाला. दोष नाही.

भिंतीवरच्या फलकासाठी इंगविलनं तीन नावं मागितली. दिली नाहीत.